चित्राखालची सही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातील शाळांच्या चित्रकला स्पर्धेस परीक्षक म्हणून मला बोलावणे आले होते. निवृत्त मुख्याध्यापकाला असली निमंत्रणे अधूनमधून येतात, आणि खरे सांगावयाचे तर ती त्याला आवडतातही. स्पर्धेचा विषय होता ‘पावसातला बाजार’. चित्रे घरी काढून आणावयाची होती. संगणकावर काढलेले चित्रही चालेल, असे नियमपत्रकात म्हटले होते. भिंतीवर टाचलेल्या साठ-सत्तर चित्रांवरून नजर फिरवीत जात असता एका चित्रापाशी माझे पाय थबकले. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे प्रतिबिंब पडले होते, छत्र्यांवरून पागोळ्या गळत होत्या, ढगांच्या कडा सोनेरी झाल्या होत्या. सातवीतल्या मुलाचा हात असा चालतो, या कल्पनेनेच मी हरखून गेलो आणि त्या चित्राला पहिला क्रमांक देऊन टाकला.

बक्षीस-समारंभास अजून तासभर अवकाश होता. ते चित्र पुन्हा पाहावे म्हणून मी एकटाच दालनात गेलो. या वेळी चष्मा पुसून पाहिले. छत्री धरलेल्या एका हाताला सहा बोटे होती. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे दुरून मराठी वाटत होती. पण त्यांतले एकही अक्षर आपल्या बाराखडीतले नव्हते. मी त्या मुलाला बोलावून विचारले, “बाळ, हा कुठला बाजार?” तो गप्प राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “सर, मी फक्त मोबाईलला सांगितले. चित्र त्याने काढले.” आणि क्षणभर थांबून त्याने मलाच प्रश्न केला, “पण सर, सांगितले तर मीच ना? मग चित्र माझे नाही का?”

मुलांनो, त्या मुलाचा हा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. तो फार चांगला प्रश्न होता. त्याचे उत्तर मला तेव्हा लगेच देता आले नाही. पुढे पुष्कळ दिवस मी त्यावर विचार केला. त्या विचारांती माझे जे मत बनले, ते मी येथे तुमच्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम सहीविषयी बोलू. आपल्या कृतीवर आपले नाव घालावे, ही माणसाची फार जुनी ओढ आहे. आपल्या संतांनी धनाची इच्छा धरली नाही, परंतु अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा मात्र ते न चुकता ठेवीत. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ हे शब्द कानी पडताच बोलणारा कोण हे आपल्याला कळते. यात अहंकार मुळीच नाही. ‘हे बोल माझे आहेत, यांची जबाबदारीही माझी आहे’, एवढेच ती मुद्रा सांगते. शेकडो वर्षे कीर्तनकारांनी हे अभंग गाइले, लोकांनी ते पाठ केले, वह्यांतून उतरून घेतले. तुकोबांच्या अभंगापुढे स्वतःचे नाव घालण्याची बुद्धी प्रामाणिक गायकाला कधी झाली नाही. मात्र याच्या उलट प्रकार घडला. काहींनी स्वतःच्या रचना करून त्यांवर मोठ्या संतांची मुद्रा ठोकली, आणि खऱ्या-खोट्याची निवड करताना अभ्यासकांना आजही डोळ्यांत तेल घालून बसावे लागते.

ज्ञानेश्वरीचेही असेच झाले होते. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये रचलेल्या या ग्रंथाच्या नकला जवळजवळ तीनशे वर्षे हातांनी होत राहिल्या. त्यांत चुका शिरल्या. कुणाकुणाच्या पदरच्या ओव्याही शिरल्या. शके 1506 म्हणजे 1584 मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असा इशारा ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवला. नाथ स्वतः केवढे थोर कवी! एखादी सुंदर ओवी घालणे त्यांना अवघड नव्हते. परंतु दुसऱ्याच्या कृतीत आपला हात किती चालवावा, याची मर्यादा त्यांना कळत होती. त्या काळी आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा नव्हता. धर्म मात्र होता.

दूर युरोपातही सुमारे त्याच शतकात अशीच एक गोष्ट घडली. जर्मनीतील न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर हा मोठा चित्रकार. तो लाकडी ठशांवर चित्रे कोरी आणि आपल्या नावाची दोन आद्याक्षरे एकात एक गुंफून खाली सही करी. त्याच्या चित्रांना मागणी फार. इटलीतील मार्कांतोनियो रायमोंदी या कुशल कोरक्याने त्याच्या एका चित्रमालिकेच्या हुबेहूब नकला तांब्याच्या पत्र्यांवर कोरल्या आणि त्याखाली ड्यूररची ती खूणही कोरली! इटालियन लेखक वासारी याने 1568 साली लिहिले आहे की, ड्यूररने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडे दाद मागितली. तेव्हा त्याची सही यापुढे वापरू नये, एवढाच निवाडा त्याला मिळाला. नकलेची बंदी त्याला मिळाली नाही. पुढे 1511 मध्ये तीच चित्रे पुस्तकरूपाने काढताना त्याने दुसऱ्याचे श्रम आणि बुद्धी चोरणाऱ्यांना उद्देशून कडक ताकीद छापली.

येथून पुढे कायद्याचा इतिहास सुरू होतो. तो मी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये 1710 साली पहिला महत्त्वाचा कायदा झाला आणि नव्या पुस्तकावर लेखकाला 14 वर्षांचा हक्क मिळाला. तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी 14 वर्षे. चित्रे मात्र उघड्यावरच राहिली. विल्यम होगार्थ या चित्रकाराची एक मालिका लंडनमधील नकलाकारांनी भराभर छापून विकली. त्याने पार्लमेंटकडे अर्ज केला, आणि 1735 मध्ये कोरीव चित्रांनाही संरक्षण मिळाले. कायदा अमलात येईपर्यंत त्याने आपली पुढची मालिका विक्रीस काढली नाही. कष्टाने केलेली वस्तू बाजारात नेण्याचीच भीती वाटावी, ही स्थिती कलावंताला किती क्लेशकारक असेल!

आपल्या देशात 1957 चा कायदा आहे. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे त्याच्या लेखनावर त्याचा व त्याच्या वारसांचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, राहतो. त्यानंतर ती कृती सर्वांची होते. साने गुरुजी 1950 साली गेले; म्हणून 2011 पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. नीट पाहिले तर या कायद्यात दोन गोष्टींचा तोल आहे. निर्मात्याला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे, आणि काही काळाने ते फळ समाजालाही मिळावे. शिवाय अभ्यासासाठी व शिकवण्यासाठी काही मोकळीकही कायद्याने ठेवली आहे. कल्पनेवर किंवा शैलीवर तो कोणाची मालकी मानत नाही. पावसातला बाजार हा विषय कोणीही घ्यावा. एखाद्याने काढलेला तो विशिष्ट बाजार मात्र उचलू नये.

परवानगीवाचून प्रती काढून वाटणे किंवा विकणे याला पायरसी म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ समुद्रावरची चाचेगिरी. चाचा म्हटला की आपल्यापुढे तलवार घेतलेला, दाढीवाला, उग्र पुरुष उभा राहतो. पण मुलांनो, हे काम सभ्य माणसेही करतात. मी स्वतः ते केले आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. शेजारच्या गावातील एका शिक्षकांनी बालनाटिकांचे पुस्तक लिहिले होते. प्रकाशक मिळेना, म्हणून त्यांनी ते पदरमोड करून छापले. किंमत 20 रुपये. आमच्या स्नेहसंमेलनासाठी मला 60 प्रती हव्या होत्या. मी एक प्रत विकत घेतली आणि उरलेल्या 59 झेरॉक्स करून आणविल्या. एका प्रतीला 9 रुपये पडले. शाळेचे जवळजवळ साडेसहाशे रुपये वाचविल्याचा मला अभिमान वाटला. सभेत मी तो बोलूनही दाखविला. संमेलनाला त्याच गृहस्थांना आम्ही पाहुणे म्हणून बोलावले होते. माझ्या टेबलावर तो झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा पडला होता. त्यांनी वरची प्रत उचलली, चार पाने चाळली आणि शांतपणे म्हणाले, “अक्षर जरा पुसट आले आहे, सर. मुलांना वाचताना त्रास होईल.”

एवढेच ते बोलले. नाटिका रंगली, टाळ्या पडल्या, आम्ही त्यांना श्रीफळ दिले. त्यांनी पुढे दुसरे पुस्तक काढले नाही. माझ्या 59 प्रतींमुळेच काढले नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्यासारखे आणखी किती मुख्याध्यापक असतील, कोण जाणे! मी त्यांच्या घरात शिरून 1180 रुपये उचलले असते तर लोकांनी मला चोर म्हटले असते. येथे मला कोणी चोर म्हटले नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट इतकी वर्षे मनात रुतून राहिली आहे. मोबाईलवर फुकट आलेला चित्रपट किंवा एखाद्या मराठी पुस्तकाची पीडीएफ तुम्ही पुढे पाठविता, तेव्हा समोर कोणी दिसत नाही. माझ्यासमोर मात्र ते गृहस्थ प्रत्यक्ष बसले होते.

आता त्या मोबाईलमधल्या चित्रकाराकडे येऊ. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र चित्र कसे काढते? त्याला अगणित चित्रे व त्यांची वर्णने दाखविलेली असतात. 2022 मध्ये लायन नावाच्या एका जर्मन संस्थेने अशा यंत्रांच्या शिक्षणासाठी एक सूची प्रसिद्ध केली. तीत इंटरनेटवरील सुमारे 585 कोटी चित्रांचे दुवे आणि वर्णने होती. दर सेकंदास एक चित्र पाहावयाचे म्हटले तर न झोपता, न जेवता 185 वर्षे लागतील! ही चित्रे यंत्र वहीतल्या कात्रणांसारखी जपून ठेवीत नाही. ‘छत्री’ या शब्दाबरोबर कोणते आकार येतात, ‘पाऊस’ म्हटले की कोणते रंग येतात, यांचे संबंध ते शिकते. मग आपण सांगितले की, ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करून तो गोंधळ हळूहळू निवळवीत ते चित्र सिद्ध करते.

येथे कोणी म्हणेल, “मूलही दुसऱ्यांची चित्रे पाहूनच शिकते. मग यंत्राने पाहिले तर बिघडले कोठे?” हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पाहून शिकणे हे पाप नव्हे. राजा रविवर्म्याला तैलरंगांचे तंत्र बरेचसे दुसऱ्यांना रंगविताना पाहूनच अवगत झाले. आणि यंत्रही मुळात कलेचे वैरी नाही. याच रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. राजवाड्यांत टांगलेली लक्ष्मी आणि सरस्वती त्या यंत्रामुळे गोरगरिबांच्या भिंतींवर आली. परंतु तेथे यंत्र चालले ते चित्रकाराच्या इच्छेने, त्याच्या नावाने आणि त्याच्या चित्रांचा मोबदला ठरवून. आजच्या यंत्रांना ज्यांची चित्रे दाखविली, त्यांतील बहुतेकांना कोणी विचारलेही नाही.

शिवाय शिष्य आणि यंत्र यांत मोठा भेद आहे. शिष्य एका आयुष्यात मोजकी चित्रे काढतो, गुरूचे नाव सांगतो, आणि गुरूच्या पोटावर पाय देत नाही. यंत्र मात्र क्षणाक्षणाला चित्रे देते, आणि ज्याच्यापासून ते शिकले त्याच्याच दुकानासमोर आपले दुकान मांडते. पोलंडमधील ग्रेग रुतकोव्स्की या चित्रकाराचे नाव 2022 मध्ये लोकांनी हजारो वेळा यंत्रांना सांगितले, आणि त्याच्या धाटणीची चित्रे मिळविली. पुढे त्याचे नाव शोधले की त्याने कधीच न काढलेली चित्रे समोर येऊ लागली, अशी त्याने तक्रार केली. ड्यूररची पाचशे वर्षांपूर्वीची फिर्याद पुन्हा ऐकू यावी, तसे हे नाही काय?

आपल्या वारली चित्रांचे उदाहरण घ्या. लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक रेखाटण्याचा मान परंपरेने सवाष्णींचा. डहाणूकडील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज ‘वारली पद्धतीचे चित्र दे’ एवढे सांगितले की यंत्र त्रिकोणी माणसांची रांग काढून देते. तेच चित्र पिशवीवर छापून कोणी विकले, तर डहाणूच्या पाड्यावरील चित्रकाराच्या हाती काय पडते? काहीही नाही. ज्या समाजाने शतकानुशतके ही भाषा जपली, त्याच्या वाट्याला केवळ कौतुक यावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

न्यायालयांपुढे हे वाद आता आले आहेत. अमेरिकेत काही लेखकांनी अँथ्रोपिक या कंपनीवर दावा लावला. जून 2025 मध्ये तेथील न्यायाधीशाने म्हटले की, रीतसर विकत घेतलेल्या पुस्तकांवरून यंत्राला शिकविणे कायद्यात बसते. परंतु चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तके उतरवून त्यांचा साठा करणे बसत नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीने 150 कोटी डॉलर देऊन तडजोड करण्याचे मान्य केले; सुमारे 5 लाख पुस्तकांसाठी प्रत्येकी जवळपास 3000 डॉलर. सर्वच न्यायालयांचे मत याबाबत एक झालेले नाही. पण साधी माणुसकीची गोष्ट न्यायालयाची वाट पाहत नाही. ज्याच्यापासून घेतले त्याला विचारावे, त्याचे नाव सांगावे, आणि त्यातून कमाई होत असेल तर त्यालाही वाटा द्यावा. शेतातून वाट काढणारा एकटा असो की हजार बैलगाड्यांचा तांडा असो, शेतकऱ्याची परवानगी हवीच. किंबहुना तांड्याला ती अधिकच हवी.

याचा अर्थ यंत्राला हात लावू नये, असा मुळीच नाही. ज्याला हात हलविता येत नाही, त्याला या यंत्राने मनातले चित्र दाखविता येईल. शिक्षकाला फळ्यावर न जमणारी आकृती त्यातून मिळेल. ‘हे यंत्राकडून करविले’ असे उघडपणे सांगून ते वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही. लपविणे मात्र वाईट.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. “सांगितले तर मीच ना?” 2022 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या मेळ्यात एका गृहस्थाने यंत्राकडून करविलेल्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. पुढच्या वर्षी तेथील कॉपीराइट कार्यालयाने त्या चित्राची नोंद नाकारली. मार्च 2025 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने म्हटले की, तेथील कायद्यानुसार कर्ता हा माणूसच असला पाहिजे. मला स्वतःला आपल्या गावचा दाखला पुरेसा वाटतो. देवळासाठी मूर्ती घडवावयास यजमान सांगतो. ती कशी हवी हेही सांगतो. म्हणून तो मूर्तिकार होत नाही. तो यजमान असतो, आणि त्यातही मान आहे. आपण जेवढे केले तेवढ्यावरच आपले नाव घालावे. त्याहून जास्त नाही, आणि कमीही नाही.

त्या दिवशी निकाल फिरविण्यापूर्वी मी उरलेली चित्रे पुन्हा नीट पाहिली. एका मुलीचे चित्र मी आधी भराभर ओलांडून गेलो होतो. भाजक्या शेंगा विकणारी एक म्हातारी तिने काढली होती. एक पाय आखूड झाला होता. रंग ओघळले होते. पण म्हातारीने छत्री स्वतःवर न धरता शेंगांच्या टोपलीवर धरली होती, आणि ती स्वतः भिजत बसली होती. मी मुलीला विचारले, “असे का काढलेस?” ती म्हणाली, “छत्री एकच आहे, सर. शेंगा भिजल्या तर कोण घेणार?” 585 कोटी चित्रे पाहिलेल्या यंत्राला ही म्हातारी भेटली नव्हती. आणि मी, परीक्षक, सोनेरी ढगांना भुलून तिच्याजवळून तसाच निघून गेलो होतो! पहिले बक्षीस तिला मिळाले. ती चूक दुरुस्त झाली, याचे समाधान मला अजून आहे.

मुलाचे चित्र मी भिंतीवरून काढू दिले नाही. मी त्याच्या हाती लेखणी दिली आणि म्हटले, “हे कसे झाले, ते खाली खरे लिही.” तो थोडा वेळ विचार करीत उभा राहिला. मग त्याने वळणदार अक्षरांत लिहिले, ‘हे चित्र यंत्राने काढले आहे. शब्द माझे आहेत.’ आणि त्याखाली आपली सही केली.

मुलांनो, तुमच्या हाती आमच्यापेक्षा कितीतरी समर्थ साधने येणार आहेत. त्यांनी तुम्ही काय काय कराल, हे मला सांगता येणार नाही. एवढेच सांगतो: खाली सही करण्यापूर्वी, त्या मुलासारखे थोडा वेळ थांबून विचार करा.